साती आसरांची खोटी साक्ष

माझ्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला 'वय वर्षे बारा ते अठरा' असं छापलं आहे. ते प्रकाशकांनी ठरवलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाराच्या आतल्यांना द्या, साठीच्या पुढच्यांना द्या, फक्त एका बाईच्या हातात पडू देऊ नका. पण लेखकाला हे कोण विचारतं! पुस्तक एकदा बाहेर पडलं की कुणाच्या घरी जाईल याचा नेम नसतो.

पुस्तक परीकथेचं आहे, म्हणजे मोठ्या मुलांच्या परीकथेचं. गोदावरीच्या तळाशी सात बहिणींचं राज्य असतं, काठावरची एक मुलगी त्या राज्यात जाते, तिथेच वाढते, तिथल्या भांडणांत आणि कारस्थानांत सापडते, आणि सोळाव्या वर्षी तिच्यापुढे प्रश्न येतो की परत घरी जायचं की तिथेच राहायचं. प्रकाशक म्हणाले, हल्लीच्या मुलांना परदेशी पऱ्या तोंडपाठ असतात, आपल्याकडच्या कुणाला ठाऊक नाहीत. मी मनात म्हटलं, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. तिकडच्या पऱ्या माणसांची पोरं नेतात, इकडच्याही नेतात. तिकडे त्यांच्या घरचं अन्न पोटात गेलं की माघारी येता येत नाही, इकडेही तेच. आपल्या पऱ्यांना पंख नसतात, त्या हिरवी लुगडी नेसतात आणि त्यांना 'बाई' म्हणून हाक मारायची असते, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे त्यांना साती आसरा म्हणतात. त्या विहिरीत असतात, नदीच्या डोहात असतात. काठावर सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावायचा आणि वर्षातून एकदा खणाची चोळी, फणी, काजळ, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवून यायचं, की त्या त्रास देत नाहीत.

'आमच्याकडे' म्हटलं खरं, पण आमच्या घरात नव्हे. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. घरात आसरांचं नाव निघालं तर ते चष्म्यावरून नुसते बघायचे, आणि तेवढं पुरायचं. मला त्या सात जणी भेटल्या त्या शेजारच्या घरात. पुणतांब्याच्या बाजाराला बायका चालत जात, इतक्या अंतरावर नदीकाठी आमचं गाव. शेजारचं घर शेतकऱ्याचं होतं, ऊस, गहू, दोन म्हशी. त्या घरात माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे, अजूनही म्हणते.

अभ्यासात माझा पहिला नंबर असायचा आणि तिचा शेवटून कितवा तरी. पण शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बसून ती गोष्ट सांगायला लागली की अख्खा वर्ग तिच्याभोवती. मधल्या सुट्टीची घंटा झालेली कुणाला ऐकू यायची नाही. सातही जणींचे स्वभाव तिला माहीत. थोरली कडक, ती चुकून कधी हसत नाही. तिसरीचं आणि चौथीचं पटत नाही, त्या एकमेकींशी पाचवीमार्फत बोलतात. धाकटीला पाण्याची भीती वाटते, म्हणून ती डोहातच एका खडकावर पाय वर घेऊन बसते. एका मासिकात माझ्या पुस्तकावर लिहून आलं, तेव्हा त्यात पाण्याला भिणाऱ्या धाकट्या आसरेचं फार कौतुक होतं, लेखिकेची अस्सल कल्पना म्हणून. लेखिकेची कसली! सहावीतल्या मुलीने टाकीवर बसून, पेरू खात खात ती रचली होती.

मला तिचा हेवा वाटायचा. स्वच्छ सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. माझ्याकडेही गोष्टी होत्या, संडेस्कूलमधल्या. योनाची गोष्ट मी मोठ्या तयारीने सांगितली होती, त्याला मासा गिळतो, तीन दिवस पोटात ठेवतो आणि मग किनाऱ्यावर ओकून टाकतो. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मासा मानूस गिळतो आन परत थुकतो? मंग गिळलाच कशाला?" सगळा वर्ग हसला. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. माझा राग कायम नाकावर, आणि तिला त्याची गंमत वाटायची.

संक्रांत होऊन गेली होती. रविवार होता. चर्चमधून आले ती लेसचा फ्रॉक न बदलताच मी तिच्यामागे नदीवर गेले. मावशीने तिला धुण्याची पाटी देऊन पाठवलं होतं. पाणी उतरलं होतं, बऱ्याच ठिकाणी वाळू उघडी पडली होती. महिनाभर ट्रॅक्टर येऊन काठची वाळू भरून नेत होते. ट्रॅक्टर आम्ही रोज बघायचो, त्यांच्या मागे पळायचो. वाळू काढली तिथे खाली काय उरलं, ते बघायचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सुचलंही नव्हतं.

धुणं आपटता आपटता तिने माशाचा विषय काढला. मला चिडवायला काढला.

"तुमचा तो मासा खोटा."

"मासा बायबलमध्ये आहे. तुझ्या आसरा कुठे लिहिल्यात?"

"लिवायला कशाला पायजेत? पान्यात हायेत की."

"मग दाखव."

"अशा न्हाई दिसत. भर दुपार लागती. गुडघाभर पान्यात जाऊन सात डाव हाक मारावी लागती."

"दुपारच आहे. जा. आणि नाही आल्या तर उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं, मी खोटारडी आहे म्हणून."

ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. तिला जायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तिने परकर खोचला आणि निघाली. मी काठावर उभी. "आसराबाई या," अशी तिची एक हाक झाली, दुसरी झाली. ती माझ्याकडे बघून हसली. तिसऱ्या हाकेला तिने आवाज असा काही खोल लावला की मला क्षणभर खरंच भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून जास्तच राग आला. "कर नाटकं. मी चालले घरी," म्हणून मी वळले आणि दरड चढायला लागले.

मागून तिने हाक मारली. आसरांना नाही, मला, माझ्या नावाने. लगेच परत एकदा. मला वाटलं, मी हरले असं म्हणायला बोलावते आहे. मी वळले नाही. फ्रॉक दोन्ही हातांनी धरून वरपर्यंत चढले, उसाच्या बांधाशी आले, आणि मग एकदम फार शांत वाटायला लागलं म्हणून मागे बघितलं. पाटी होती, अर्धं धुणं दगडावर होतं, पाणी होतं.

मी ओरडले नाही. घराकडेही पळाले नाही. उसात शिरून बसले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मनात तिच्याबद्दल काय आलं तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की उद्या वर्गात मी काय सांगू, असं मी घोकत होते.

धुण्याला उशीर का झाला म्हणून मावशी आली. पाटी बघितली, हाका मारल्या, आणि मी उसातून बाहेर आले. तिने माझे दोन्ही खांदे धरले. "कुठंय ती?" त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, हे कुणाला खरं वाटो न वाटो. मी म्हणाले, "सात बायका आल्या. हिरव्या लुगड्यातल्या. तिचा हात धरून घेऊन गेल्या."

नदीवर मासे धरणाऱ्या भोयांनी तिला दिवस मावळायच्या आत बाहेर काढलं. तरी माझी गोष्ट बुडाली नाही. जाणत्या बायका म्हणाल्या, देह इथंच ऱ्हातो, त्या नेत्यात ते दुसरंच. पुढे मोठी झाल्यावर मी वाचलं की तिकडच्या पऱ्याही माणसाला नेताना त्याच्या जागी लाकडाचा ओंडका ठेवून जातात आणि घरचे त्या ओंडक्यालाच पुरतात. वाचताना मला आमच्या नदीकाठच्या बायका आठवल्या.

आणि माझं खरं मानलं गेलं ते मी ख्रिस्ती होते म्हणून. एखाद्या शेतकऱ्याच्या पोरीने सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, घरात ऐकलंय ते बोलते. पण पारावरचे एक म्हातारे म्हणाले, "ही गुर्जींची पोर. ह्यांच्यात आसरा मानीतच न्हाईत. हिला दिसल्या म्हंजे दिसल्याच." झालं. जिच्या घरात त्या सात जणींना जागा नव्हती, तीच त्यांची सगळ्यात पक्की साक्षीदार ठरली. काठावर नवे सात दगड मांडले गेले. त्यांच्यावरचा पहिला नारळ वाळूवाल्याने फोडला. खड्डा किती खोल होता, कुणी खणला, हे कुणी विचारलं नाही. पाण्यातल्या बायकांनी नेलेल्या पोरीसाठी वाळूचा पंचनामा कोण करणार? मला हे पुष्कळ वर्षांनी समजलं, आणि समजलं त्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून अर्धी रजा टाकून घरी आले होते.

त्या संध्याकाळी वडिलांनी मला समोर बसवलं. "तू पाहिलंस?" मी म्हटलं, हो. "सात?" मी म्हटलं, सात. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मला त्यांनीच पाठ करून घेतली होती आणि तिचा आकडासुद्धा मला माहीत होता. मग ते आईला म्हणाले, "ती बाई आता कशाच्या तरी आधाराने उभी आहे. मी जाऊन काय सांगू तिला?" त्यांना कळलं होतं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून आज्ञा कधी म्हणवून घेतल्या नाहीत. मला वाटलं, सुटले. दोन वर्षांनी त्यांची बदली कर्जतकडे झाली आणि आम्ही ते गाव सोडलं. वडील आता नाहीत. आम्हा दोघांत तो विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

मावशीकडे मात्र मी जात राहिले. कशाला, ते विचारू नका. जखमेवरची खपली आपण का काढतो, त्याला काही उत्तर नसतं. तीही मला लेकीसारखं जेवायला घालायची. एकदा, मी कॉलेजात असताना, ती मला पुणतांब्याच्या बाजारात घेऊन गेली. कासाराच्या पालात बसली आणि म्हणाली, आठ जणींच्या हिरव्या बांगड्या दे. सात त्या, आणि आठवी तिची लेक. सात जणींना कुठलंही माप चालतं, देवाच्या हातांना कोण मोजतं. आठवीचं माप कासाराने विचारलं, तेव्हा तिने माझा हात पुढे ओढला. "हिच्या मापाच्या. बरूबरीच्या हायेत दोगी."

कासाराने माझी मूठ दाबून बांगडी चढवून बघितली. "सव्वादोन," म्हणाला, आणि उतरवून कागदात बांधली. मावशी खुशीत होती. मला सांगत होती की आधीच्या वर्षांत अंदाजाने घेतल्या, लहान पडल्या असतील, बिचारी बोलणार कुणाला. त्यानंतर संक्रांतीच्या आसपास गेले की माझ्या मनगटावर मेलेल्या मुलीचं माप निघायचं. लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, हात भरला तशा आठवीच्या बांगड्याही मोठ्या होत गेल्या.

एवढं सगळं माहीत असून मी पुस्तक लिहिलं. लोकांना सांगते की मुलांसाठी लिहिलं, माझ्या वर्गातली पोरं मोबाईलवर परदेशी राक्षस बघतात म्हणून लिहिलं. दोन सुट्ट्यांत लिहून झालं. लिहिताना मी रडले, आणि आपण तिच्यावर किती प्रेम करतो असं मला वाटलं. त्यात मैत्रिणीला एकच वाक्य दिलं होतं, 'मैत्रीण काठावर उभी होती'. शेवटी सोळा वर्षांची नायिका वर यायचं नाकारते. पाण्याखाली तिची गरज असते, सात बहिणींत तिने मेळ घातलेला असतो, वगैरे. मुलांना तो शेवट फार आवडला. मला पत्रं आली.

राजूरच्या एका शाळेने मला बोलावलं होतं. डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं, समोर सतरंजीवर बसलेली. कार्यक्रम छान झाला. शेवटी आठवीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मैत्रीण काठावर हुती ना? मंग ती वरडली का न्हाई?"

मी म्हटलं, "घाबरली असेल."

"घाबरलं तर मानूस जास्तीच वरडतं," ती म्हणाली आणि खाली बसली. शिक्षक हसले. मीही हसले. त्या पोरीच्या मनात काहीच नव्हतं, पण खाई त्याला खवखवे. जेवणाचं ताट मी तसंच परत दिलं आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

त्याच आठवड्यात मावशीच्या नातीचा फोन आला. मुलाची मुलगी, तेरा वर्षांची. "आजीला मी तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. रोज दुपारी थोडं थोडं. संपलं काल. आजी म्हनती, या." मी पुस्तक मावशीला दिलं नव्हतं. नातीला शाळेच्या लायब्ररीत मिळालं होतं.

मी गेले. घर आता स्लॅबचं झालंय. मावशी ओट्यावर बसली होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती डोळे बारीक करून बघते. पुस्तक साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं आणि वर हळदकुंकवाची बोटं. मला बघून तिचा चेहरा असा काही फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"लई ग्वाड लिवलंस गं. पोरगी वाचायची आन मला सगळं दिसायचं. पन एक चुकलं तुझं."

"काय चुकलं, मावशी?"

"तिला दही कुठं खपायचं? वासानं मळमळायचं तिला. आन तू तिला रोज दहीभात खाऊ घातलास."

मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बदलते. आवृत्ती म्हणजे काय ते तिने विचारलं, मी सांगितलं, तिने मान डोलावली. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाली, "आन सोळाचीच ठिवलीस तिला. आता तुझ्याएवढी झाली की. तुला दोन लेकरं. तिचं कायतरी बग. पुढल्या पुस्तकात लगीन लाव तिचं. म्हसोबाच्या नात्यातला बग एखादा. न्हाईतर तुमच्यातला चालंल. पान्याखाली जात कोन बगतंय!"

ती स्वतःच पदराआड हसली. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. नात चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघीच उरलो, तशी मावशी हसायची थांबली. पिशवीवरून हात फिरवत राहिली. जे विचारायला मला बोलावलं होतं ते आत्ता येत होतं.

"ती वर यायला न्हाई म्हनली ना शेवटाला," ती म्हणाली. "मी पोरीकडनं दोनदा वाचून घेतलं. तिला सोडत हुते, वाट मोकळी हुती, आन ती न्हाईच म्हनली. माझं काय चुकलं हुतं गं? त्या दिशी मी धुनं घिऊन धाडलं म्हनून? तिला जायचं नव्हतं, म्हशीच्या पाठीवर बसून खेळत हुती. मी रट्टा घातला हुता तिला."

हे मला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं ती बाई त्या एका रट्ट्यापाशी थांबली होती, आणि मी पुस्तक लिहून तिला कळवलं होतं की तुझ्या लेकीने तुला नको म्हटलं.

"मावशी, ती गोष्ट आहे. मी रचलेली."

"गोष्ट रचायला तू काय तिथं नव्हतीस का? तू डोळ्यांनी बघितलंयस. तुला ठाव आसंल म्हनूनच लिवलंस."

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. माशावरून झालेलं भांडण, खोटारडी म्हणेन अशी घातलेली अट, वाळूचा खड्डा, मी वळून चालू लागले ते, उसात बसले ते. सात बायका आल्या नाहीत, मावशी, मी घाबरून सांगितलं. ती नको म्हणाली नाही, तिला कुणी विचारलंच नाही. ती बुडाली. तुझं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं. मी हे सगळं घाईने बोलत होते, आणि बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं, हे लिहितानाही शरम वाटते. मला वाटत होतं, मी तिच्या मनावरचं ओझं काढते आहे.

मावशी रडली नाही. तिने पिशवीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे कुनीच न्हवतं तिच्यासंगं?"

"नाही."

"त्या सात जनी?"

"नाही, मावशी."

"एकलीच हुती."

हे तिने विचारलं नाही. नुसतं म्हणाली. तेव्हा मला समजलं की मी काय केलं. माझ्या खोट्याने तिला लेक परत दिली नव्हती, पण सोबत दिली होती. थोरली कडक होती, तरी थोरली होती. अंधाऱ्या पाण्यात पोरीचा हात धरायला सात बायका होत्या, आणि मी ओट्यावर बसून, चहा उकळेपर्यंत, त्या सातही काढून घेतल्या.

"वरडली का ती?"

"हाक मारली. दोन वेळा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेले ते डोळे तिने बारीक केले आणि विचारलं, "मला?"

मी लेखिका आहे. सबंध पुस्तकभर मी लोकांना हवं ते सांगितलं आहे. इथे फक्त एक 'हो' हवं होतं. बुडता बुडता 'आई' म्हणाली, एवढं म्हटलं असतं तर त्या बाईचे उरलेले दिवस त्या दोन अक्षरांवर गेले असते. कुणाचं काही नुकसान नव्हतं. वडील असते तर त्यांनी या वेळीही गप्प बसणंच पसंत केलं असतं, असं मला वाटतं. पण खोटं बोलायचं नाही म्हणून मी तिथवर आले होते, आणि तोंड उघडलं तर ते वेगळं बोलेना.

"नाही, मावशी. मला."

बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. ज्या आठवणीला भिऊन मी सगळ्या गावाला फसवलं होतं, ती शेवटी तिच्या पदरात टाकून मी मोकळी झाले होते. ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग चालली होती, मावशी तिच्याकडे बघत बसली. नात चहाचे कप घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि कप ठेवून तशीच आत गेली.

मावशीने शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी तिचे पाय धरले असते. तसं काही झालं नाही. तिने कप माझ्याकडे सरकवला, आणि लहान पोरीला एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तशा आवाजात म्हणाली, "वळून बगायचं हुतंस गं."

"हो," मी म्हणाले.